तोंड आलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोंड येणं म्हणजे नक्की काय?

गालांची आणि ओठांची आतली बाजू, जीभ, टाळू, हिरड्या यांचं नाजूक अस्तर लाल होणं, सुजणं, सोलवटणं किंवा त्यावर व्रण पडणं, या सगळ्याला आपण सरसकट ‘तोंड आलंय’ म्हणतो. डॉक्टर त्याला स्टोमॅटायटिस म्हणतात. पण हे काही एका आजाराचं नाव नाही. ताप आला म्हटल्यावर तो कशाचा, हा प्रश्न उरतोच, तसंच इथेही. गाल चावला जाण्यापासून लोहाच्या कमतरतेपर्यंत आणि विषाणूपासून कॅन्सरपर्यंत कशानेही तोंड येऊ शकतं. सुदैवाने दहातल्या बहुतेकांचं कारण साधं असतं आणि ते आपोआप बरं होतं. खरा प्रश्न असतो तो उरलेल्यांना वेळेत ओळखण्याचा.

मला ओठाच्या आत एकच बारका फोड आलाय, पण ठणका असा की बोलवत नाही. हा काय प्रकार?

ओठ बाहेर ओढून आरशात बघा. गोल किंवा लांबट, मसुराएवढा व्रण, मध्ये पिवळट-पांढरा तळ, भोवती लालबुंद कडा, असं दिसत असेल तर तो बहुधा ॲफ्थस व्रण आहे. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच. व्रण उमटायच्या एक-दोन दिवस आधी त्या जागी चुरचुर सुरू होते. तो ओठांच्या आत, गालाच्या आत, जिभेच्या खालच्या बाजूला किंवा कडेला येतो. कडक टाळूवर आणि दाताला चिकटलेल्या हिरडीवर सहसा येत नाही.

साधा व्रण एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतो आणि ७ ते १४ दिवसांत खूण न ठेवता भरून येतो. काहींना त्याहून मोठे, खोल व्रण होतात. ते भरायला कित्येक आठवडे लागतात आणि मागे वण राहतो. तिसऱ्या प्रकारात टाचणीच्या डोक्याएवढे डझनावारी व्रण एकदम उठतात आणि एकमेकांत मिसळतात. या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारांना घरगुती उपचारांवर ठेवू नये.

हा संसर्गजन्य असतो का?

ॲफ्थस व्रण नाही. उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने तो दुसऱ्याला होत नाही. नागीण कुळातल्या विषाणूचे फोड मात्र पसरतात, त्यांच्याविषयी पुढे आहे.

‘अंगात उष्णता वाढली’, ‘पोट साफ नाही’ म्हणून तोंड येतं, हे खरं का?

आमच्या दवाखान्यात येणारे निम्मे लोक निदान घरूनच करून येतात, आणि ते हेच असतं. त्यांचा अनुभव खोटा नसतो. जागरण झालं, परीक्षा जवळ आली, लग्नघरात आठवडाभर धावपळ झाली, वर तिखट-तळकट खाल्लं, की तोंड येतं हे बरोबरच आहे. त्यात ताण आणि अपुरी झोप हा मोठा भाग असतो. चकली-चिवड्याच्या कडक तुकड्यांनी अस्तराला बारीक जखमा होतात, त्या वेगळ्याच.

पोट साफ नसल्याने तोंड येतं याला मात्र आधार नाही. त्यामुळे तोंड आलं की जुलाबाची गोळी घ्यायची, ही पद्धत सोडून द्यावी. पोटाचा संबंध असतो तो निराळ्या तऱ्हेने: सीलिॲक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं खराब होतं, क्रोन्स आजारात आतड्याला सूज येते, आणि या दोन्हींत तोंडात वारंवार व्रण होतात. महिनोन् महिने जुलाब, वजन घटणं, शौचातून रक्त अशा तक्रारी तोंडासोबत असतील तर पोटाची तपासणी करून घ्यायला हवी.

मला वर्षातून अनेकदा येतं. वारंवार का होतं?

आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता बरीच जास्त असते. काही बायकांना पाळीच्या आधी येतं आणि गरोदरपणात अजिबात येत नाही. सिगारेट सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत व्रण येतात, आणि ‘ओढत होतो तेव्हा बरं होतं’ म्हणत लोक परत ओढायला लागतात. असं करू नका, ते व्रण जातात. फेसासाठी टूथपेस्टमध्ये घातलेलं सोडियम लॉरिल सल्फेट काहींना सोसत नाही. ते नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून बघायला हरकत नाही.

एकाच जागी पुन्हा पुन्हा होत असेल, तर आधी त्या जागेसमोरचा दात बघा. तुटलेली दाढ, झिजून धार आलेली कड, बाहेर आलेलं सिमेंट, सैल कवळी, यांतलं काहीतरी तिथे रोज घासत असतं. दातांच्या डॉक्टरांनी ती धार घासून गुळगुळीत केली की व्रण भरतो. दोन आठवड्यांत भरला नाही तर कारण दुसरं आहे असं समजून पुढची तपासणी करायची.

बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की जातं ना?

औषधाच्या दुकानात ‘तोंड आलंय’ म्हटलं की काउंटरवर तीच पट्टी येते. दहा दिवस गोळ्या घेतल्या आणि तोंड बरं झालं, तर श्रेय गोळीला मिळतं. व्रण तसाही दहा दिवसांत भरणार होता, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कमतरता असेल तर गोष्ट वेगळी. लोह, ब१२ आणि फॉलिक ॲसिड या तिन्हींची कमतरता वारंवार तोंड येण्याशी जोडलेली आहे, आणि आपल्याकडे ती भरपूर आढळते. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायका, पूर्ण शाकाहारी माणसं, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे (या गोळीने ब१२ कमी शोषलं जातं), पित्तावरच्या गोळ्या कायम घेणारे, या सगळ्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), ब१२ आणि फॉलेट तपासून घ्यावं. जीभ गुळगुळीत, लाल, खरखर गेलेली दिसत असेल आणि पायांना मुंग्या येत असतील, तर ब१२ ची तपासणी टाळूच नका. त्या वेळी नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घेणं धोक्याचं: रक्त सुधारतं, पण ब१२ अभावी नसांचं नुकसान चालूच राहतं. लोह कमी असेल तर बी-कॉम्प्लेक्सच्या डब्या संपवूनही फरक पडत नाही, कारण साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये लोह नसतं.

ओठांचे कोपरे फाटतात, जांभई दिली की रक्त येतं. हेही तेच का?

नाही, जागा निराळी आणि कारणंही निराळी. बऱ्याचदा तिथे कँडिडा बुरशीचा किंवा जंतूंचा संसर्ग असतो. म्हाताऱ्या माणसांची कवळी झिजली की ओठ आत जातात, कोपऱ्यांत लाळ साचते आणि कातडी सतत ओली राहते. तरुणांत लोहाची किंवा ब गटातल्या जीवनसत्त्वांची कमतरता, आणि लहान मुलांत ओठ चाटायची सवय. बुरशीविरोधी मलम लावून बरं होतं, पण कवळी तीच राहिली तर परत होतं.

ओठाच्या बाहेर, कडेवर पाण्याचे फोड आलेत. तापातून उठले असं म्हणतात.

हा हर्पिस सिंप्लेक्स, वर सांगितलेला नागीण कुळातला विषाणू. लहानपणी एकदा शिरला की नसांमध्ये दबा धरून राहतो आणि ताप, ऊन, दगदग यांचं निमित्त होऊन वर येतो. आधी मुंग्या, मग बारीक फोडांचा झुपका, मग खपली, असे ७ ते १० दिवस जातात. मुंग्या येताक्षणी ॲसायक्लोव्हिरचं मलम लावलं तर थोडा फायदा होतो, खपली धरल्यावर लावून उपयोग नाही.

फोड असताना बाळाचे पापे घेऊ नका. नवजात बाळाला हा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. बारशाला आलेल्या पाहुण्यांना हे सांगताना संकोच वाटतो खरा, पण सांगा. फोडाला हात लागला तर हात धुवा, त्याच बोटाने डोळा चोळू नका. आणि घरात पडलेलं स्टिरॉइडचं मलम यावर लावू नका, विषाणूला त्याने मोकळं रान मिळतं.

दोन वर्षांच्या मुलाचं तोंड आलंय, काहीच खात नाही. काय करू?

आधी बघा, फोड कुठे आहेत. तोंडासोबत तळहात, तळपाय, गुडघे, ढुंगणावरही पुरळ असेल तर तो हँड-फूट-माऊथ आजार असण्याची शक्यता मोठी. कॉक्सॅकी आणि त्याच्या भाऊबंद विषाणूंमुळे तो होतो, मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना. पाळणाघरात एकाला झाला की रांग लागते. आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातो. काही मुलांची नखं महिन्याभराने सुटून येतात, ते बघून घाबरू नका, नवी उगवतात. ताप उतरून फोड वाळेपर्यंत शाळेत पाठवू नये.

हिरड्या सुजून लालभडक झाल्यात, हात लावला की रक्त येतं, जिभेवर-टाळूवर फोड आहेत, जोराचा ताप आहे, तर तो हर्पिसचा पहिला संसर्ग असू शकतो. ॲसायक्लोव्हिरचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू केलं तर आजार लवकर आटोपतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर नको.

दोन्हींत खरा धोका पाणी कमी पडण्याचा असतो. मूल चार दिवस पोळी खाल्ली नाही म्हणून आजारी पडत नाही, पाणी न प्यायल्याने पडतं. थंड दूध, शहाळ्याचं पाणी, गार ओआरएस चमच्या-चमच्याने देत राहा. तापाला आणि दुखण्याला वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल, आणि ते जेवणाआधी अर्धा तास दिलं तर पोर चार घास तरी खातं. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना अश्रू येत नाहीत, मूल मलूल पडलंय किंवा सारखं दचकतंय, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

तोंडात दह्यासारखा पांढरा थर जमलाय.

ओल्या कापडाने हलकेच पुसा. निघून आला आणि खाली लाल दिसलं, तर ती कँडिडा बुरशी. बाळांना होते, कवळी लावून झोपणाऱ्यांना होते, प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर होते, आणि दम्याचा स्टिरॉइड इनहेलर ओढून चूळ न भरणाऱ्यांना हमखास होते. क्लोट्रिमाझोल किंवा निस्टॅटिनचे थेंब लावून जाते. निरोगी दिसणाऱ्या मोठ्या माणसाला विनाकारण झाली तर साखर तपासावी, एचआयव्हीची चाचणीही करावी.

पुसून न निघणारा पांढरा चट्टा ही वेगळी गोष्ट. गालात दोन्ही बाजूंना जाळीदार पांढऱ्या रेषा हा लायकेन प्लॅनस, म्हणजे अस्तराला दीर्घकाळ सूज आणणारा आजार असू शकतो. तंबाखू धरायच्या जागी जाड पांढरा पट्टा असेल, तर तो ल्युकोप्लाकिया आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

चालू असलेल्या गोळ्यांमुळे तोंड येतं का?

येतं, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मेथोट्रेक्सेटचं उदाहरण घ्या. संधिवाताला किंवा सोरायसिसला ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आजी गावाहून मुलाकडे राहायला येतात, गोळ्यांची पिशवी सुनेच्या हाती जाते, आणि रोजच्या बीपीच्या गोळीबरोबर हीसुद्धा रोज दिली जाते. आठवड्याभरात तोंड सोलून निघतं, पाणी गिळवत नाही. घरचे म्हणतात, हवापालट झाला. अशा वेळी तोंडातले व्रण हा फक्त वरवर दिसणारा भाग असतो. आत रक्तपेशी कोसळत असतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं तोंड आलं तर पुढची गोळी देऊ नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पाकिटावर ठळक पेनाने ‘फक्त रविवारी’ असं वार घालून लिहिलं तर हा घोटाळा टळतो.

थायरॉइड जास्त असणाऱ्यांना कार्बिमाझोल देतात. ती चालू असताना ताप, घसादुखी आणि तोंडात व्रण आले, तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. छातीत दुखण्यावरच्या निकोरँडिलने जिभेवर खोल, हट्टी व्रण होतात. ते गोळी बदलल्याशिवाय भरत नाहीत, पण गोळी डॉक्टरांनीच बदलायची. फिट्सची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा सल्फाचं नवं औषध सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत ओठ-तोंड सोललं, डोळे लाल झाले, अंगावर चट्टे आले, तर ती तातडीची वेळ आहे.

केमोथेरपीत तोंड येणं अपेक्षितच असतं. काही औषधांच्या वेळी तोंडात बर्फाचे तुकडे चघळत ठेवले तर त्रास कमी होतो, तुमच्या उपचारात ते चालेल का, हे आधी विचारून घ्या.

घरगुती उपाय कोणते करावेत, कोणते नाही?

कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरणं हा सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित उपाय. तूप लावल्याने व्रणावर थर राहतो आणि चुरचुर थांबते, लावा. जाईचा पाला चावून थुंकणं आपल्याकडे जुनं आहे, मोठ्यांनी करायला हरकत नाही. ज्येष्ठमध चघळून बरं वाटतं, पण बीपी असणाऱ्यांनी रोज खाऊ नये, त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं.

बाळाच्या तोंडाला टाकणखार आणि मध लावायची पद्धत अजूनही काही घरांत चालते. ती बंदच करा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो बाळाच्या अंगात भिनून विषबाधा होते, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. आज्जीचं म्हणणं खोडणं जड जातं, तेव्हा दोष डॉक्टरांवर ढकला.

तुरटीचा खडा व्रणावर घासणं, डोकेदुखीची गोळी चुरून दुखऱ्या जागी दाबून ठेवणं, लवंगेचं तेल थेट लावणं, या तिन्हींनी अस्तर भाजतं आणि मूळचा बारका व्रण मोठा होतो.

दुकानातून कोणतं जेल घ्यावं?

दुखणं बधिर करायला लिग्नोकेनचं जेल जेवणाआधी लावावं, दात येणाऱ्या बाळांच्या हिरड्यांना मात्र नाही. सूज उतरून व्रण लवकर भरायला ट्रायमसिनोलोन ०.१ टक्के हे चिकट मलम उपयोगी पडतं. कापसाने व्रण कोरडा करायचा, मलम चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं, आणि रात्री झोपताना लावायचं. चुरचुर सुरू झाल्याबरोबर लावलं तर जास्त फायदा. फोड विषाणूचे किंवा बुरशीचे नाहीत याची खात्री हवी, म्हणून पहिल्या वेळी डॉक्टरांना दाखवूनच घ्या.

क्लोरहेक्सिडिनची चूळ आठ-दहा दिवस ठीक. जास्त दिवस वापरली की दातांवर तपकिरी डाग पडतात. पेस्टने दात घासल्यानंतर अर्ध्या तासाने ती भरावी. प्रतिजैविकांची साध्या तोंड येण्यात गरज नसते.

खायचं काय?

मऊ भात आणि तूप, मुगाची खिचडी, पेज, दही-भात (मिरचीची फोडणी न घालता), नाचणीची किंवा साबुदाण्याची खीर, केळं, उकडलेलं अंडं. सगळं गार किंवा कोमट. ठेचा, लोणचं, कडक भाकरी, फरसाण, अननस, टोमॅटोचं सार, वाफाळता चहा हे व्रण भरेपर्यंत बाजूला.

व्रण नाही, पण साधी भाजीसुद्धा तिखट लागते, आणि तोंड पूर्वीसारखं उघडत नाही.

सुपारी, मावा किंवा गुटखा खाता का? खात असाल, तर हे तोंड येणं नाही. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीमुळे गालाचं मऊ अस्तर पांढुरकं, निबर होत जातं आणि आत दोरीसारखे ताठर पट्टे तयार होतात. स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून बघा. सहज गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर आजार बराच पुढे गेलाय.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी विशी-पंचविशीतली मुलं या तक्रारीने येतातच. सुपारीची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, हातावर एकत्र केलं की झालं. ‘मी नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही’ असंही ऐकायला मिळतं. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय. केरळमध्ये या आजाराच्या रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला, त्यात ७.६ टक्क्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. ताठर झालेलं अस्तर पूर्ववत करणारं औषध नाही. सुपारी थांबवली तर वाढ आटोक्यात राहू शकते, तोंड उघडायचे व्यायाम आणि गालातली इंजेक्शनं थोडी मदत करतात, फार पुढे गेलं तर शस्त्रक्रिया. मशेरी लावणाऱ्या बायकांनीही हिरड्या आणि गाल दर सहा महिन्यांनी दाखवावेत, कारण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच.

सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

कॅन्सरची शंका कधी घ्यायची?

व्रण दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस टिकला तर. दुखत नसला तरी, किंबहुना दुखत नसेल तर जास्तच. साधा व्रण पहिल्या दिवसापासून हैराण करतो, कॅन्सरचा सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही, आणि म्हणूनच लोक तीन-चार महिने काढतात. कडा उचललेली, हाताला टणक लागणारी, स्पर्श केला की रक्त येणारी जागा, न पुसता येणारा लाल किंवा पांढरा चट्टा, मानेत गाठ, विनाकारण हलायला लागलेला दात, जीभ जड होणं, कानात कळ मारणं, यातलं काहीही असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

तुकडा काढून तपासला तर कॅन्सर पसरतो, असं ऐकलंय.

पसरत नाही. ही भीती इतकी खोल रुजलेली आहे की तपासणी ठरवून गेलेला माणूस परत येतो तो थेट जबडा धरल्यावर. बायोप्सीत जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो, माणूस चालत घरी जातो. नुसत्या डोळ्यांनी बघून कॅन्सर आहे किंवा नाही असं ठामपणे कोणालाच सांगता येत नाही.

दाखवायचं कोणाला?

सुरुवात दातांच्या डॉक्टरांपासून करा. तोंडाच्या अस्तराचे आजार हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि त्यात ओरल मेडिसिन नावाची खास शाखाही आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञही चालतील. फोड तोंडात आणि अंगावरही असतील तर त्वचारोगतज्ज्ञ, कारण पेम्फिगससारखा कातडीवर फोड आणणारा आजार बऱ्याचदा आधी तोंडातच सुरू होतो. तोंडासोबत गुप्तांगावर व्रण आणि डोळे लाल, असं त्रांगडं असेल तर तेही लाज न बाळगता सांगा. बेहचेट नावाचा आजार त्यावरूनच ओळखता येतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला, तिथे तपासणी कमी खर्चात होते.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, आयुर्वेदिकसुद्धा. व्रण आल्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवला असेल तर तोही दाखवा, तपासणीच्या दिवसापर्यंत बऱ्याचदा व्रण भरून गेलेला असतो. आणि तंबाखू-सुपारीबद्दल डॉक्टरांनी विचारलं तर बायको शेजारी बसली आहे म्हणून ‘नाही’ म्हणू नका. डाग दिसतातच.